घरच्या घरी गाडी रंगवायची तर रंग वाळतो कसा ते आधी समजून घ्या

आमच्या मारुती ८००च्या टपावरून हात फिरवला की बोटांना गुलाबी पूड लागायची. गाडी मुळात लालभडक, वडिलांनी १९९८ साली घेतलेली. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा ती निम्म्या दारांपर्यंत बुडाली होती. इंजिन, सीट, वायरिंग हे सगळं त्याच वर्षी मार्गी लागलं. पण पुढच्या दोन पावसाळ्यांत दारांच्या खालच्या कडांना फोड आले आणि त्यांतून तांबडं पाणी ओघळायला लागलं. गॅरेजमध्ये पूर्ण रंगाचे ३२ हजार सांगितले. दर वावगा नव्हता, त्या कामाला तेवढा माल आणि मेहनत लागतेच. पण आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते. शेवटी गाडी घरच्या खळ्यात रंगवली. माल साडेसहा हजारांचा लागला आणि डिसेंबर-जानेवारीचे मिळून सहा आठवडे गेले.

शोरूममधून आल्यासारखी ती दिसत नाही. दहा फुटांवरून छान दिसते. जवळ जाऊन बॉनेटवर तिरका उजेड पाहिला तर जाणत्या माणसाला रोलरचं काम ओळखू येतं. पण पत्रा वाचला आणि गाडी रोज रस्त्यावर आहे. या कामात मला जे फार उशिरा कळलं ते तुम्हाला आधीच सांगतो. कुठला रंग घ्यायचा हे शेडकार्ड बघून ठरवू नका, तो वाळतो कसा ते बघून ठरवा. रोलरने मारायचा की गनने, कुठल्या महिन्यात, तोंडाला काय बांधून, कुठल्या जुन्या रंगावर, ही सगळी उत्तरं त्या एका गोष्टीतून निघतात.

आधी कंपाउंड, मग रंग

रंगाचा डबा आणण्याआधी रबिंग कंपाउंडची, म्हणजे रंग घासून उजळवायच्या लेपाची, एक डबी आणा. उन्हातले अतिनील किरण रंगातल्या राळेला, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणाऱ्या द्रव्याला, हळूहळू तोडत असतात. राळ तुटली की कण सुटे होतात आणि हाताला पूड लागते. खाली चांगला रंग शिल्लक असेल तर वरचा मेलेला पापुद्रा घासून काढला की तो पुन्हा दिसतो. बॉनेटवर तळहाताएवढी जागा ओल्या फडक्याने पुसून कंपाउंड घासा. फडक्याला गाडीचाच रंग लागला आणि खालून चकाकी आली, तर तुमच्या गाडीवर एकेरी, म्हणजे वर पारदर्शक थर नसलेला, रंग आहे आणि दोन दिवसांच्या हातघाशीवर काम भागेल. एक पैसाही रंगावर घालू नका.

मेटॅलिक रंगाची गोष्ट वेगळी. त्यावर पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो उन्हाने सुटला की पांढुरके पोपडे निघतात. तिथे कंपाउंडचा उपयोग नाही, आणि घरी रोलरने मेटॅलिक रंग मारायचाही प्रयत्न करू नका. त्यातला ॲल्युमिनियमचा चुरा गनच्या फवाऱ्यानेच एकसारखा बसतो, रोलरने त्याचे ढग-ढग दिसतात.

आमच्या दारांचा वरचा भाग कंपाउंडने उजळला. टपावर मात्र दहा-बारा वेळा घासताच खालचं करडं अस्तर दिसायला लागलं, म्हणजे रंगच संपला होता. कारखान्यातून आलेल्या गाडीवर अस्तरापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० मायक्रॉन जाडी असते. वहीच्या एका पानाएवढी. त्यातला दिसणारा रंग निम्म्याहून कमी. म्हणून दर दिवाळीला गाडी कंपाउंडने चकचकीत करून घेण्याची हौस महागात पडते, दरवेळी त्या पानाचा थोडा भाग फडक्यावर निघून जातो.

वाळण्याच्या तीन तऱ्हा

रंगाच्या दुकानात नावं कितीही असोत, गाडीला मारायच्या रंगांच्या वाळण्याच्या तऱ्हा मुख्यतः तीन.

पहिली तऱ्हा मिठाच्या पाण्याची. ताटलीत मिठाचं पाणी ठेवलं की पाणी उडून जातं आणि मीठ उरतं. वरून पुन्हा पाणी ओतलं तर मीठ पुन्हा विरघळतं. एन. सी. म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग असाच वाळतो. थिनर उडून गेला की रंग उरतो, बाकी काही घडत नाही. १९२०च्या दशकात ड्युपाँट या अमेरिकी कंपनीने हा रंग ‘ड्युको’ नावाने मोटारींसाठी आणला. तोवर गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत, तो काही तासांवर आला. आपल्याकडे फर्निचरवाले आजही ‘ड्युको मारलाय’ म्हणतात ते तिथूनच आलं. कापसापासून बनणारं हे द्रव्य भयंकर पेट घेतं, बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचं ते सख्खं भावंड आहे. एन. सी. गनने मारायला सोपा, भरभर वाळतो, चुकलं तर घासून पुन्हा मारता येतो. पण दहा थेंब पेट्रोल सांडलं तरी डाग पडतो, कारण एकदा विरघळलेली गोष्ट पुन्हा विरघळते. शिवाय कोकणातल्या दमट हवेत त्याचा आणखी एक त्रास आहे. थिनर झपाट्याने उडताना पत्रा थंड पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि ताज्या रंगावर दुधाळ धुकं येतं. पावसाळ्यात एन. सी. मारलेली गाडी पांढुरकी का दिसते, त्याचं कारण हे.

दुसरी तऱ्हा कढईच्या बाहेरून बसलेल्या तेलाची. वर्षानुवर्षं ओघळलेलं तेल आधी चिकट होतं, मग कडक होतं, आणि मग ते साबणाने निघत नाही, तेलातही विरघळत नाही. तेल नुसतं वाळलेलं नसतं. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले गेलेले असतात. सिंथेटिक इनॅमल, ज्याला आपण सरसकट ऑइल पेंट म्हणतो, तो असा वाळतो. आधी टर्पेंटाइन उडतं आणि मग दिवसच्या दिवस रंग हवा खात कडक होत जातो. खिडक्यांचे गज, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लोखंडी फाटकं यांच्यावर हाच रंग असतो. वाळायला वेळ लागतो हा त्याचा दोष समजतात, पण रोलरने काम करणाऱ्याला तोच गुण आहे. ओला राहतो म्हणून रोलरच्या खुणा आपसूक सपाट व्हायला त्याला सवड मिळते.

तिसरी तऱ्हा एम-सीलची. दोन कांड्या एकत्र मळल्या की हवा असो नसो, त्यांचा दगड होतो. गॅरेजमध्ये हल्ली वापरतात तो पी. यू. म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग असाच. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर, दोन्ही मिसळले की घड्याळ सुरू. टिकाऊपणात याच्या जवळपास कोणी येत नाही. पेट्रोल, ऊन, पक्ष्यांची विष्ठा, सगळं हा रंग सोसतो.

आणि तरीही, घरी याचा फवारा मारू नका. अगदी कळकळीने सांगतो. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांचा फवारा फुप्फुसात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. करोनाच्या काळात घरात साठलेले एन-९५ मास्क धुळीला ठीक आहेत, ते वाफ अडवत नाहीत. कोळशाच्या डब्या असलेला मास्कही इथे भरवशाचा नाही, कारण डबी संपली तरी आयसोसायनेटचा वास नाकाला कळत नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ ज्यांच्याकडे आहे त्यांचं ते काम. इंटरनेटवर दिसतात ते उघड्या अंगणात नाकाला रुमाल बांधून पी. यू. मारणारे तरुण बघून माझ्या पोटात गोळा येतो.

थिनरचा फडका

आता जुन्या गाडीवर कुठला रंग आहे ते ओळखायचं. डिकीच्या आतल्या कडेला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही, एन. सी. थिनरमध्ये भिजवलेला पांढरा फडका अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग उचला. रंग विरघळून फडक्यावर भरपूर उतरला तर आधी कोणीतरी एन. सी. मारलेला आहे. रंगाला सुरकुत्या पडून तो उकळत्या दुधावरच्या सायीसारखा गोळा झाला तर ते इनॅमल. आणि जागा फक्त जराशी मंद झाली तर कारखान्याच्या भट्टीत भाजलेला मूळ रंग किंवा पी. यू.

आमच्या गाडीने इथे कोडं घातलं. डिकीत मूळ रंग निघाला, आणि डाव्या मागच्या दारावर सुरकुत्या. वडिलांना विचारलं तेव्हा आठवलं, २००७ साली रिक्षा घासली होती आणि कोणीतरी स्वस्तात ते दार रंगवून दिलं होतं. त्या दारावर मी एन. सी. मारला असता तर त्याच्या जहाल थिनरने खालचं इनॅमल फुगून सगळं उठून आलं असतं. उलट बाजूने चालतं. इनॅमलचं टर्पेंटाइन सौम्य असल्यामुळे ते एन. सी.वरही बसतं, मूळ रंगावरही आणि जुन्या इनॅमलवरही, फक्त खालचा थर पक्का वाळलेला आणि घासलेला हवा. ज्या गाडीचा इतिहास माहीत नाही तिच्यासाठी हे मोठंच कारण आहे.

म्हणून मी ठरवलं: सिंथेटिक इनॅमल, फोमचा रोलर, आणि वेळ. आळीत एक काका राहतात, गॅरेजमध्ये तीस वर्षं रंगकाम करून निवृत्त झालेले. त्यांनी आपली गन आणि छोटा कंप्रेसर देऊ केला होता. मी नको म्हटलं, कारण गनमधून निघालेला बराचसा रंग गाडीवर बसतच नाही, हवेत जातो. एन. सी.चं धुकं खाली पडेपर्यंत वाळून पूड होतं, इनॅमलचं धुकं मात्र ओलंच राहतं. ते शेजारच्या स्कूटरवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवृंदावनावर जाऊन चिकटतं. वस्तीत राहणाऱ्याने ते करू नये. रोलरने घरीदारी गाडी रंगवण्याची तऱ्हा परदेशातल्या हौशी लोकांत बरीच रुळलेली आहे. आपल्या हवेत ती जमते का एवढंच बघायचं होतं.

डबा बंदच ठेवायचे चार आठवडे

सहा आठवड्यांतले चार आठवडे मी रंगाचा डबा उघडला नाही. ज्यांना हे ऐकून कंटाळा आला त्यांनी गाडी आहे तशीच चालवावी, कारण रंग खालच्या प्रत्येक खड्ड्याची चुगली करतो.

सुरुवात दारांपासून केली. खालच्या कडेवरचा फोड बोटभर लांब होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकं टेकवलं तर ते आत गेलं आणि चहाच्या भुकटीसारखा तपकिरी चुरा भसाभस खाली पडला. आतला पुठ्ठा काढून टॉर्च लावली तेव्हा दाराच्या तळाशी दोन बोटं जाडीचा पुराचा गाळ, दोन वर्षं तसाच बसलेला. दारांच्या खाली पाणी निघून जायला छोटी भोकं ठेवलेली असतात, ती गाळाने बुजली होती. काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी साचत होतं आणि पत्रा आतून खात होतं. बाहेरून कितीही सुंदर रंग मारला असता तरी पुढच्या श्रावणात फोड परत आले असते. गंज पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणूनच तो रंगाला खालून ढकलून फोड आणतो. फोड दिसला की समजायचं, आत बरंच काही होऊन गेलंय.

गाळ धुतला, भोकं तारेने मोकळी केली, गंज तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला. ज्या खाचांत ब्रश पोचत नाही तिथे फॉस्फरिक आम्लाचं गंज काढायचं द्रावण लावलं. ते उरलेल्या गंजाचं लोखंडाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच ते लावायचं. उघडा पत्रा रात्रभर तसा सोडायचा नाही, दवाने सकाळी तो पुन्हा पिवळा पडतो. त्याच दुपारी रेड ऑक्साइड प्रायमरचा हात मारला. एका दाराला आरपार भोक पडलं होतं, तिथे वेल्डरकडून पत्र्याचा तुकडा लावून घेतला, ४०० रुपये. तुमच्या गाडीत दाराखालचा रनिंग बोर्ड किंवा सीटखालचा पत्रा खाल्ला गेला असेल तर पुट्टीने बुजवू नका. गाडीचा सांगाडा त्यावर उभा असतो. रंगाचे पैसे आधी वेल्डिंगला द्या.

खड्ड्यांसाठी दोन तऱ्हेची भरणी मिळते. हार्डनर घालून लावायची पॉलिस्टर पुट्टी पोच्यासाठी, आणि थिनरवर वाळणारी पातळ लांबी फक्त बारीक ओरखड्यांसाठी. लांबीने खोल खड्डा भरला की ती महिनोन्महिने आकसत राहते आणि रंग मारल्यावर खड्डा परत उमटतो. दुसरी चूक जवळजवळ सगळीकडे दिसते: पुट्टी पाणी मारून घासणं. पॉलिस्टर पुट्टीत शंखजिऱ्याची पूड असते, ती पाणी शोषते, आणि ते पाणी रंगाखाली अडकून पुढे फोड आणतं. पुट्टी कोरडीच घासा, आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग १८० (नंबर वाढला की पेपर बारीक), आणि मास्क लावून. वॉटर पेपर आणि पाणी हे प्रायमर आणि रंगासाठी.

एक संध्याकाळ मी मडगार्ड घासून काकांना दाखवायला बोलावलं. मला ते आरशासारखं सपाट वाटत होतं. काकांनी चष्मासुद्धा लावला नाही. खांद्यावरचा पंचा पत्र्यावर ठेवला, त्यावर तळहात सपाट टेकवून पुढून मागे एकदा फिरवला आणि मध्येच थांबले. “इथे बघ. डोळे मीट आणि हात फिरव.” मी फिरवला. उघड्या हाताला कळत नव्हतं, पंच्यावरून कळलं. मऊ कापडामुळे बोटं अडत नाहीत आणि चढउतार तेवढा जाणवतो. चिमूटभर उंचवटा, बस. “हे आत्ता हाताला लागतंय ना, रंग मारलास की साऱ्या गावाला दिसेल.” रबराचा ठोकळा न वापरता बोटांनी घासलं होतं, त्यामुळे बोटांच्या खाचा पडल्या होत्या. तिथपासून ठोकळ्याशिवाय पेपर धरला नाही.

डोळ्यांना दिसावं म्हणून आणखी एक युक्ती त्यांनीच शिकवली. प्रायमर वाळला की त्यावर काळ्या रंगाच्या स्प्रे कॅनचा लांबून अगदी विरळ शिडकावा करायचा, काळी मिरी भुरभुरल्यासारखा. मग ४०० नंबरने ठोकळा लावून ओलं घासायचं. उंच जागेवरचे ठिपके लगेच जातात, खड्ड्यातले राहतात. ठिपके राहिले तिथे भरणी. सगळीकडे एकदम गेले की पत्रा सपाट.

जुन्या रंगाच्या धुळीबद्दल एक सांगायलाच हवं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. जुन्या गाडीच्या लाल-पिवळ्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून जुना रंग ओला घासा, लहान मुलांना आसपास फिरकू देऊ नका, आणि ते लाल पाणी विहिरीकडे किंवा परसातल्या अळूकडे जाऊ देऊ नका. मी ते पाणी बादलीत साठवून गाळ खाली बसू दिला आणि वाळलेला गाळ पिशवीत बांधून टाकला.

रंगाआधीची धुलाई भांड्यांच्या साबणाने करा, गाडीच्या शँपूने नको, त्यात बऱ्याचदा मेण असतं. डॅशबोर्ड चमकवायच्या फवाऱ्यातलं सिलिकॉन तर रंगाचं वैरी. त्याचा हात लागलेल्या जागेवर रंग माघार घेतो आणि माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. शेवटी टर्पेंटाइनचा एक फडका आणि लगेच मागून कोरडा दुसरा. ओलं आहे तोवरच पुसायचं, नाहीतर तेल नुसतं इकडून तिकडे पसरतं.

रोलर

मारुती ८००ची लांबी ३.३ मीटर, रुंदी दीड मीटरला थोडी कमी. एवढ्या गाडीला बाहेरून तीन लिटर इनॅमल पुरलं. पांढऱ्याला कमी लागेल. लाल आणि पिवळा हे रंग खालचं नीट झाकत नाहीत, त्यांना जास्त हात लागतात, त्यामुळे खाली करड्याऐवजी तांबूस प्रायमर असला तर दोन हात वाचतात.

रंग टर्पेंटाइनने पातळ करायचा, दुधाहून किंचित दाट. चमचा बुडवून वर धरला की धार अखंड पडावी आणि मग थेंब सुरू व्हावेत. थिनर घालायचा नाही. बारीक छिद्रांचा चार इंची फोमचा रोलर घ्या, लोकरीचा नको. हात न दाबता रोलर फिरवायचा, एका वेळी एकच भाग, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मध्ये थांबायचं नाही. बुडबुडे येतील. रंग पुरेसा पातळ असेल तर ते मिनिटभरात फुटतात. नाही फुटले तर जवळजवळ कोरडा रोलर नुसत्या त्याच्या वजनाने एकदा वरून फिरवा.

पहिला हात बघून माझा धीर सुटला होता. खालचं सगळं दिसत होतं, जागोजागी पट्टे, एखाद्याने लाल सरबत सांडल्यासारखं. दुसऱ्या हातानंतरही फार फरक नव्हता. इथेच लोक घाबरतात आणि जाड हात मारतात, आणि तिथेच काम बिघडतं. इनॅमल हवा घेऊन वाळतं हे आठवा. जाड थराची वरची बाजू आधी साय धरते, खालच्या रंगाला हवा मिळत नाही, तो आत मऊच राहतो आणि मग वरची साय आकसून सुरकुत्या पडतात. उभ्या पत्र्यावर ओघळ येतात ते वेगळंच. पातळ हात, पूर्ण दिवस वाळू देणं, पुन्हा पातळ हात, याला दुसरा मार्ग नाही. दर दोन हातांनंतर ओला पेपर, आधी ६०० नंबर, पुढे ८००. घासताना पेपरवर रंगाच्या वळकट्या जमायला लागल्या तर रंग अजून कच्चा आहे, थांबा. मी टपाला आणि बॉनेटला सात हात दिले, दारांना सहा. चौथ्या हाताला गाडी लाल झाली आणि सहाव्याला तिच्यात आभाळ दिसलं.

वेळ सकाळी दव उडाल्यावर, साधारण साडेनऊपासून दुपारी तीनपर्यंत, सावलीत. उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग टेकताच साय धरतो, रोलरच्या खुणा मिटत नाहीत. संध्याकाळी चिलटं येतात आणि रात्री दव. मी चार बांबूंवर जुनी ताडपत्री बांधली होती, आणि हात मारण्याआधी खळ्यावर पाण्याचा सडा, धूळ बसावी म्हणून. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हे काम होणारच नाही. देशावरच्या कोरड्या हवेत रंग लवकर वाळतो पण धूळ जास्त, तिथे झाकायची सोय अधिक पक्की हवी.

टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. शेजारी चूल, बंब, विडी काही नको. आणि इनॅमल पुसलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेलकट रंग वाळताना उष्णता सोडतो, बोळ्यात ती कोंडते आणि फडका आपणहून पेट घेऊ शकतो. दोरीवर एकेक पसरून वाळवा, मग टाका.

कागद आणि पुढची काळजी

रंग तोच ठेवला तर कागदांची कटकट नाही. बदलायचा असेल तर आधी आर. टी. ओ. आणि विमा कंपनी, कारण आर. सी.वर गाडीचा रंग नोंदलेला असतो. ऑलिव्ह ग्रीन तर नकोच, केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तो लष्कराच्या वाहनांसाठी राखीव आहे. बॉनेटखाली चेसिस नंबर ठोकलेला असतो, तिथे पेपरही लावू नका आणि रंगही. नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी तो स्पष्ट दिसावा लागतो.

शेवटच्या हातानंतर गाडी आठवड्यात चालवायला लागलो, पण इनॅमल आतून कडक व्हायला महिना तरी जातो. तोवर शँपू नाही, पॉलिश नाही, रात्रभर कव्हर नाही, कारण कव्हरखाली रंगाला हवा मिळत नाही. महिन्याने १५०० आणि २००० नंबरचा ओला पेपर हलक्या हाताने फिरवून कंपाउंड मारलं, रोलरची बारीक दाणेदार खूण बरीचशी गेली. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर इनॅमलची चकाकी पी. यू.इतकी वर्षं टिकणार नाही हे धरून चाला. पण ओरखडा पडला तर छोटा ब्रश घेऊन घरीच बुजवता येतो.

त्यासाठी थोडा रंग उरवला आहे. अर्ध्या डब्यात ठेवला असता तर आतल्या हवेनेच त्यावर जाड साय धरली असती. म्हणून तो लोणच्याच्या छोट्या काचेच्या बरणीत ओतला, आणि तरी वर दोन बोटं जागा राहिली तेव्हा मुलाच्या काचेच्या गोट्या धुऊन, पुसून एकेक आत सोडल्या, रंग काठाला टेकेपर्यंत.